धूळ नसलेला जोड

१९९६ सालच्या सप्टेंबरमध्ये पाथर्डीत आमच्या दारात उभ्या असलेल्या मोटारीच्या रेडिएटरचा पंखा चावी काढल्यावरही फिरत राहिला. रात्रभर फिरून त्याने बॅटरी उतरवली. सकाळी गाडी सुरू झाली नाही. गल्लीतल्या माणसांनी ढकलून ती सुरू करून दिली. दुसऱ्या रात्रीही तेच झालं.

गाडी माझ्या पत्नीची होती. ती गावातल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. ही जुनी, पांढरी, लहान मोटार तिने त्याच पावसाळ्यात नगरहून घेतली होती आणि आम्हा दोघांत चालवायलाही तीच शिकली होती. मी एका दैनिकाचा तालुक्याचा वार्ताहर होतो आणि एसटीने फिरत असे. आमच्या वस्तीत दारात उभी राहिलेली ती पहिली मोटार. ती आली त्या दिवशी वस्तीतल्या बायकांनी अंगणात बुद्धवंदना घेतली आणि माझ्या वडिलांनी घरोघर पेढे वाटले.

वडिलांनी उभं आयुष्य दुसऱ्याची जीप चालवली होती. पाथर्डी ते नगर, प्रवासी भरून, करंजीचा घाट चढून. स्वतःची गाडी कधी झाली नाही. सून गाडी चालवते हे ते एसटी स्टँडवर अनोळखी माणसालाही सांगत. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती, त्यामुळे गाडी बाहेर पडे ती गावाबाहेर जायचं असेल तेव्हाच, आणि ती निघाली की पुढच्या सीटवर वडील असत. घरी परतल्यावर ते सगळ्यांच्या आधी उतरून बॉनेट उघडत.

"पानी बघतो," एवढंच म्हणत.

सप्टेंबरच्या सुरुवातीला ते काष्टीला माझ्या बहिणीकडे गेले; पत्नी त्यांना गाडीने सोडून आली. तिच्या घराचा स्लॅब टाकायचा होता आणि सेंट्रिंगवाल्यांवर लक्ष ठेवायला घरचं माणूस हवं होतं. पंखा सुरू राहू लागला तो ते गेल्यावर.

गल्लीने या प्रकाराची लगेच दखल घेतली. समोरचे शेजारी एसटीत कंडक्टर होते. ढकलायला चौघे लागले की ते मागे उभे राहून डिकी दोनदा ठोकत.

"डबल बेल! जाऊ द्या!" गाडी धक्के खात सुरू झाली की म्हणत, "बाई, रातभर तुमच्या दारात गिरणी चालू हुती. दळन कोनाचं हाय?"

"तुमचंच आहे," पत्नी म्हणे. "डबा घेऊन या."

"मामा काष्टीला गेल्यात ना? मग हिला बी धाडा तिकडं. तिथल्या बैलबाजारात दावणीला बांधा. खपंल."

तिसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी बॅटरीच्या टोकाला आवळलेली पट्टी पान्याने काढून ठेवू लागली. पट्टी काढली की पंखा थांबे, लावली की इंजिन थंड असतानाही फिरू लागे. बॅटरी चार्ज करून आणल्यावर गाडी सकाळी सुरू होऊ लागली. कंडक्टरांच्या मते प्रश्न मिटला होता. पान्यावर भागत असेल तर पाना गाडीतच ठेवावा, असं त्यांनी सुचवलं. ती तयार नव्हती. वीज कुठून येते ते कळत नाही, अशा गाडीत दुसऱ्यांच्या मुली बसवणार नाही, असं तिने सांगितलं.

मुलींचा प्रश्न खरा होता. त्या शनिवारी राहुरीला विज्ञान प्रदर्शन होतं. तिच्या वर्गातल्या तीन मुलींनी टाकीतलं पाणी खाली गेलं की घंटा वाजवणारं यंत्र केलं होतं. त्याची टाकी काचेची होती. आदल्या वर्षी शाळेचं असंच एक यंत्र एसटीच्या गर्दीत फुटलं होतं आणि मुली रिकाम्या हाताने परत आल्या होत्या. यंदा ती स्वतः नेणार, असं तिने पालकांना सांगितलं होतं. पण पालक याच गल्लीतून ये-जा करत आणि त्यांनी गाडी ढकलताना पाहिली होती.

घंटेची जोडणी केलेल्या मुलीची आई बुधवारी दारात आली. दरवर्षी दिवाळीनंतर हे कुटुंब ऊसतोडीला जात असे आणि मुलगीही सोबत जाई. त्या वर्षी तिला मागे ठेवायचं की नाही, यावर घरात बोलणं चालू होतं. मुलीच्या बाजूने बोलणारी आई एकटीच होती.

"बाई, राग मानू नका. पन घाटात ती बंद पडली तर ढकलायला कोन? माझी पोरगी?"

"बंद पडणार नाही."

"तिचा बाप म्हनतो, शाळेच्या नादानं पोरगी रस्त्यात उभी ऱ्हायली तर पुन्हा शाळेचं नाव काढू नको. म्हनून इचारते."

"शुक्रवारी संध्याकाळी या," पत्नी म्हणाली. "गाडी बघा. पटलं तर पाठवा."

एवढं बोलणं झालं. मी तिथेच होतो.

गावातल्या गॅरेजवाल्याने गाडी आधीच पाहिली होती. त्याच्याकडे सगळ्या जीपा येत. पंखा फिरतो आहे ना, मग तक्रार कसली, असं त्याचं म्हणणं होतं. नगरच्या एका इलेक्ट्रिशियनला मी एसटीडी बूथवरून फोन लावून दिला. पत्नीने लक्षणं सांगितली. तो म्हणाला, रिले चिकटला असेल. रिले म्हणजे पंख्याला वीज सोडणारी आणि तोडणारी छोटी डबी. गुरुवारी पहाटे पेपरचे गठ्ठे घेऊन येणाऱ्या गाडीतून नवा रिले आला. तिने तो बसवला आणि बॅटरीची पट्टी लावली. पंखा फिरू लागला.

तिने रिले काढून हातात घेतला. पंखा फिरतच होता.

"म्हणजे रिलेचा दोष नाही," ती म्हणाली. "पाणी तापल्याचं ओळखणाऱ्या रेडिएटरच्या बटणाचाही नाही. बटण सांगतं रिलेला, आणि रिले तर माझ्या हातात आहे. पंख्याला वीज दुसऱ्या वाटेने येतेय."

त्या दिवशी तिने शाळेतून अर्धी रजा घेतली. पंख्यापासून सुरुवात करून एकेक वायर बोटाने धरून ती मागे जात राहिली. दोन वायरी गाडीच्याच होत्या. तिसरी पाण्याच्या रबरी नळीला चिकटून, काळ्या टेपखाली चालली होती आणि बॅटरीच्या बुडाशी जाऊन थेट तिच्या टोकाला मिळत होती. मध्ये एक प्लॅस्टिकचा जोड होता, ओढला की सुटणारा. तिने तो ओढला. पंखा थांबला.

तिने मला बोलावून जोड दाखवला. बॉनेटखाली सगळीकडे पाथर्डीच्या रस्त्यांची धूळ बसलेली होती. नळीवर, टेपवर, बॅटरीच्या कडांवर. फक्त हा जोड स्वच्छ होता. हाताळून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

"याला रोज कोणीतरी हात लावतं," ती म्हणाली.

आमच्या घरात बॉनेट उघडणारं माणूस एकच होतं.

तिने वायर कापली नाही. जोड सुटा ठेवला, दोन्ही टोकांना टेप गुंडाळली आणि जुना रिले परत बसवला. शुक्रवारी संध्याकाळी वडील काष्टीहून आले. बहिणीने दिलेली भुईमुगाच्या शेंगांची पिशवी त्यांनी ओट्यावर ठेवली आणि पाणी प्यायच्या आधी गाडीकडे गेले. पत्नीने इंजिन सुरू करून ठेवलं होतं. बॉनेट उघडं होतं.

"बंद कर! आधी बंद कर!" ते ओरडले. "पंखा फिरत न्हाई. इंजिन जाईल."

"मामा, तो आत्ता फिरायचा नाही."

"न्हाई कसा? इंजिन चालू म्हंजे पंखा चालू. मी काय आज गाड्या बघतो व्हय?"

मग सगळं बाहेर आलं. गाडी आली त्या आठवड्यात, ती शाळेत असताना, त्यांनी तिच्या चावीने इंजिन सुरू करून पाहिलं होतं. पंखा उभा होता. जीपचा पंखा पट्ट्यावर असतो, इंजिन फिरलं की तो फिरतोच. न फिरणारा पंखा म्हणजे पट्टा तुटलेला, आणि पट्टा तुटला की घाटात इंजिन भाजून निघतं. हे त्यांनी करंजीत दोनदा भोगलं होतं. गाडी तशीच गॅरेजला नेऊन त्यांनी पंखा डायरेक्ट, म्हणजे सरळ बॅटरीला जोडून घेतला. गॅरेजवाल्यालाही दुसरं काही वाटलं नाही, आणि वडिलांनी बजावलं म्हणून तो आमच्याकडे त्याबद्दल बोललाही नाही. तेव्हापासून गाडी थांबली की जोड काढायचा आणि निघायच्या आधी लावायचा, हे काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं. काष्टीला मात्र ती उभ्या उभ्याच परत फिरली होती आणि जोड लावलेलाच राहिला होता.

"सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"काय सांगू? तिनं हौसेनं गाडी आनली अन् पंखाच मेलेला निघाला, असं सांगू? तिला चार लोक हसले असते."  चार लोक कुठे आणि कसे हसले, ते त्यांना येतानाच कळलं होतं. कंडक्टर त्याच बसमध्ये होते.

पत्नीने त्यांच्यासाठी घरातून खुर्ची आणली.

"मामा, इस्त्री बघता ना? सारखी तापत नाही. तापली की वीज आपोआप तुटते, निवली की लागते. या पंख्याचं तसंच आहे, फक्त उलटं. पाणी तापलं की लागतो, निवलं की बंद होतो. बसा. तापमानाचा काटा वर येऊ द्या."

ते बसले नाहीत. गाडीच्या नाकाशी उभे राहिले. एवढ्यात बुधवारी आलेली आई मुलीला घेऊन आली आणि फाटकाशी थांबली. कंडक्टर ओट्यावर येऊन बसले. इंजिन चालू होतं, पंखा उभा होता. काटा निम्म्यावर आला. वडिलांनी दोनदा खिडकीतून आत हात घालून चावी धरली आणि दोनदा सोडली. पत्नी स्टिअरिंगवर हात ठेवून काट्याकडे बघत होती.

काटा निम्म्याच्या थोडा वर गेला आणि पंखा सुरू झाला. कोणी त्याला हात लावला नव्हता. काही वेळ फिरून तो थांबला.

"परत," वडील म्हणाले.

परत काटा चढला, परत पंखा लागला, परत थांबला.

"आयला," कंडक्टर म्हणाले. "गिरणीला आता दळन कळाया लागलं."

वडिलांनी पत्नीकडून पकड मागून घेतली. टेप सोलली, बॅटरीपासून पंख्यापर्यंतची ती वायर ओढून काढली, हातावर गुंडाळली आणि खिशात टाकली. मग फाटकाकडे वळून मुलीच्या आईला म्हणाले, "ताई, पोरगीला सकाळी लवकर पाठवा. आमच्या सूनबाईनं शोधून काढलंय. म्या लावलेलं हुतं, तरी तिनं शोधलं."

"तुमी संगं हाय ना?" तिने विचारलं.

"मी हाय. पन गाडी तीच चालवनार."

शनिवारी सकाळी गाडी चावीला सुरू झाली. मागे तीन मुली बसल्या, काचेची टाकी मधलीच्या मांडीवर, गोधडीत गुंडाळलेली. पुढे वडील. मी एसटीने मागून गेलो. प्रवासाची हकीकत वडिलांनी त्याच दिवशी सांगितली आणि मुलींनी तिला दुजोरा दिला. करंजीच्या घाटात, अर्ध्या चढावर पंखा लागला. वर सपाटीला आल्यावर थांबला. घाटभर वडील काट्याकडे बघत होते. वर आल्यावर म्हणाले, "गियर बरूबर टाकला."

राहुरीत टाकी अखंड पोहोचली. पाणी खाली गेलं की घंटा वाजत होती. यंत्राला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. घंटा कोणी जोडली, असं परीक्षकांनी विचारल्यावर मुलीने तारा हातात धरून वीज कुठून येते आणि कुठे तुटते ते सांगितलं. तेव्हा मी हॉलमध्ये पोहोचलो होतो. पत्नी शेवटच्या रांगेत उभी होती आणि वडील शेजारच्या माणसाला सांगत होते, "त्या तिच्या बाई. आमची सून. गाडी घिऊन आलीय."

दिवस मावळताना गाडी गल्लीत शिरली. परतताना मीही मागे मुलींबरोबर होतो. मुलीचे आई-वडील दोघंही फाटकाशी उभे होते. माझे वडील सगळ्यांच्या आधी उतरले. पत्नीने चावी काढली. पंखा थोडा वेळ फिरला आणि थांबला. बॉनेट कोणी उघडलं नाही.

दिवाळीनंतर ते कुटुंब ऊसतोडीला गेलं. मुलगी पाथर्डीत मावशीकडे राहिली. दहावी तिने पत्नीच्याच शाळेतून केली.