वखारीतला डाव आणि आमचे जमादार

तंबाखूच्या वखारीत पकडलेला तो पत्त्यांचा डाव काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. त्या प्रकरणात मी शोभेसं वागलो नाही, म्हणून असेल.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. मी निपाणीला फौजदार होतो, शिक्षण संपवून थेट खुर्चीवर बसलेला. हाताखाली एक जमादार होते, खानापूरकडच्या शेतकरी घरातले. शाळा बेताचीच, पण माणूस ठाण्यात शिरला की तो खरं सांगायला आलाय की खोटं, हे त्यांना कळायचं. बेळगावहून डीएसपी साहेब तपासणीला आले की आधी विचारत, "जमादार कुठे आहेत?" मला ते सहन होत नसे. सरळच लिहितो, मी त्यांच्यावर जळत होतो. त्यातच चिकोडीला फौजदाराची जागा रिकामी झाली. जमादारांना बढती द्यावी की नाही, यावर माझा शेरा मागवला होता.

अशात एका बाजाराच्या दिवशी तंबाखूचा एक अडत्या खबर घेऊन आला. त्याच्या वखारीत तीन पानांचा जुगार चालला होता, आणि शहापूरचा एक विणकर खुणा केलेल्या पत्त्यांनी सगळ्यांना लुबाडत होता. आम्ही भर दुपारी छापा घातला. पंचनाम्यात पत्ते तपासले, तर एक्क्यांच्या कोपऱ्यावर टाचणीने टोचलेलं. नुसत्या जुगाराला दंड होता, फसवणुकीला तुरुंग. विणकर साड्या विकायला आला होता. घरचे दोन माग त्याच्या एकट्यावर चालत.

"मी खुणा केल्या न्हाईत, साहेब," पंचांसह सगळ्यांना ठाण्यात आणल्यावर तो म्हणाला. "मी मानसं बघतो. अनोळखी गडी असला की पैलं चार डाव हरायचं आन् गप बघायचं. कुनाचा श्वास थांबतो, कुनी उगंच बडबड करतो, कुनी पानं परत परत उचलून बघतो. एकदा ओळख पटली की झालं."

"असं? मग माझं सांग!" मी पत्ते वाटले. पाचव्या डावाला त्याने पानं न उचलताच हात जोडले.

"सोडला डाव. तुमची पानं लई भारी हायती."

"कशावरून?"

"पानं चांगली आली की तुमी जमादारांकडं बघता. त्यांनी बघितलं का न्हाय म्हणून."

मागे एक शिपाई फिस्सकन हसला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. भर ठाण्यात एका परक्या माणसाने माझा मत्सर उघडा केला होता! मी ओरडलो, "फसवणुकीचं कलम लावा याला!"

जमादार जवळ आले. "साहेब, रागावू नगा. खुणा ह्याच्या न्हाईत. खबर द्यायला आलेल्या मालकाची बोटं बघितली का? तंबाखूनं काळी पडल्याती. डाव्या अंगठ्याचं टोक तेवढं घासून लालबुंद केलंय. टोचलेलं हाताला लागावं म्हणून."

माझ्या नजरेतून ते सुटलं होतं. एवढा राग आला, की क्षणभर वाटलं, ऐकलंच नाही असं दाखवावं. पण पंच समोर बसले होते.

अडत्याला बोलावून जमादार गोड आवाजात म्हणाले, "मालक, ह्यानं तुमाला कसं फसवलं ते जरा वाटून दाखवा की." अडत्या ऐटीत वाटायला बसला. विणकर पत्त्यांकडे बघतही नव्हता, त्याची नजर अडत्याच्या अंगठ्यावर.

"आता थांबला. एक्का." पान उलटलं, एक्काच. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा अडत्याच्या हातून गड्डी खाली पडली, आणि संध्याकाळपर्यंत त्याचा कबुलीजबाब झाला. स्वतःच्या खुणांच्या पत्त्यांनीही तो त्या विणकराकडून हरला होता, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. त्याचं मन मला पुरतं कळलं.

विणकर दंड भरून सुटला. पुढच्या आठवड्यात डीएसपी साहेबांनी विचारलं, "अंगठा कोणाच्या लक्षात आला?" जमादार माझ्या शेजारीच सावधान उभे होते.

"माझ्या, सर," मी म्हणालो. अहवालातही मी तसंच लिहिलं होतं. बढतीच्या कागदावर शेरा दिला, 'सध्या योग्य नाही.' चिकोडीला दुसराच माणूस गेला.

जमादार निवृत्त झाले त्या दिवशी मला राहवलं नाही. मी विचारलं, "तो अहवाल मी कसा लिहिला, ठाऊक आहे तुम्हाला?"

"व्हय. तुमी तसंच लिवणार हे मला तवाच कळलं हुतं."

"मग मला सांगितलंत कशाला?"

ते माझ्याकडे बघतच राहिले, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

"न्हाय सांगितलं असतं, तर तो बिचारा आत गेला असता की, साहेब."

परक्या माणसाला ओळखायची कला पुढे मीही थोडीफार शिकलो, नोकरीत तिचा उपयोगही झाला. त्या दिवसापासून माझा मत्सर गेला, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तो वाढला. तोवर मी त्यांच्या नजरेवर जळत होतो. आता त्यांना ते वाक्य इतक्या सहज बोलता आलं, यावर जळतो.