पुढच्या डब्याचं पुढचं दार

बहरीनमध्ये मी ज्या ऑफिसात सेक्रेटरी होते, ते एका जपानी कारखान्याचे पंप विकायचं. नवरा तिथल्याच हिद्द गावातल्या वर्कशॉपमध्ये तेच पंप दुरुस्त करायचा. नव्वदच्या दशकात एका वर्षी त्याला सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी त्या कारखान्यात पाठवायचं ठरलं. सर्टिफिकेट आणलं तर व्हिसा रिन्यू, नाहीतर सामान बांधून मनमाड, असं त्याला तोंडावर सांगितलेलं.

कारखाना खेड्यात होता. माझे जपानी साहेब त्याच भागातले. त्यांनी स्टेशनचं चित्रच काढून दिलं: एक फलाट, पत्र्याची शेड, एक बाक.

"स्टेशनमास्तर कुठे बसतो?" मी विचारलं.

"कोणीच नसतं. दोन डब्यांची गाडी. फक्त पुढच्या डब्याचं पुढचं दार उघडतं. ड्रायव्हरला तिकीट द्यायचं आणि उतरायचं."

मी नवऱ्यासाठी सूचनांचा कागद टाइप केला. पाचवं स्टेशन, तीन वाजता, कारखान्याचा माणूस गाडी घेऊन उभा असेल. दाराचं मात्र लिहिलं नाही. पान भरलं होतं आणि मला सूचना एका पानात बसवायची सवय. शिवाय दोन डब्यांच्या गाडीत माणूस चुकून चुकणार किती?

त्या दिवशी आमच्याकडे सकाळचे नऊ, म्हणजे तिकडचे तीन. सव्वानऊला साहेब बाहेर आले. "कारखान्याचा फोन होता. तुमचे मिस्टर उतरलेच नाहीत."

माझं डोकं तापलं. "झोपला असेल!" मी म्हणाले. "आयुष्यात एकदा संधी मिळाली, आणि हा झोपला!"

साहेब शांतपणे म्हणाले, "दाराचं लिहिलं होतंत ना?"

मी टेबलावरचे कागद सरळ करू लागले. त्यांनी फोन उचलला आणि कारखान्याच्या माणसाला पुढच्या स्टेशनवर जायला सांगितलं. मी समोर उभी. पुढच्या पाऊण तासात कोणी एक पत्र टाइप करायला सांगितलं असतं तरी जमलं नसतं.

नवरा तिथेच सापडला, बाकावर बसून मी दिलेल्या दशम्या खात. दुपारी त्याचा कारखान्यातून फोन आला.

"अगं, आपल्याकडे राहतो तसाच मी स्टेशन यायच्या आधीच सामान घेऊन दारात उभा राहिलो. मागच्या. ते उघडेचना! मी ठोकतोय, आणि गाडी सुटली. पुढच्या स्टेशनवर ड्रायव्हरच मागे येऊन मला हाताला धरून पुढच्या दाराशी घेऊन गेला."

"लोक कुठून उतरतात ते बघायचं नाही का तुम्ही?"

"कोण लोक? डब्यात मी एकटाच."

तरी मी त्याला दोन शब्द सुनावलेच. सर्टिफिकेट आलं, व्हिसा रिन्यू झाला. पुढच्या वर्षी त्याच्याच वर्कशॉपमधला दुसरा फिटर निघाला. त्याच्यासाठी मी नवा कागद केला. तो नवऱ्याच्या हाती पडला. पहिलीच ओळ दाराची होती, खाली रेघ मारलेली.

त्याने कागद दोनदा वाचला. "हे तुला तेव्हाच माहीत होतं?"

"पान भरलं होतं," मी म्हणाले.