वरची कडी

शिंदेकाकूंच्या दाराला आतून कडी कधीच लागत नसे. दुपारी नाही, रात्रीही नाही. दार लोटायचं, मुठीला सुतळीचा फास अडकवायचा, झालं. नेरूळच्या आमच्या चार मजली इमारतीत त्या तळमजल्यावर, मी पहिल्या मजल्यावर. लग्न होऊन मी तिथं राहायला आले त्याच्या तिसऱ्या दिवशी त्या वर आल्या. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हात कोपरापर्यंत पिठाचे आणि मुठीत स्क्रू ड्रायव्हर.

"मी खालची शिंदे. तुझ्या दाराची वरची कडी काढाया आलीय."

"का हो काकू?"

"उंच हाय. लेकराचा हात पुरत न्हाई तिथं."

"पण आम्हाला लेकरू कुठं आहे अजून?"

"हुईल की," असं म्हणत त्यांनी स्टूल ओढलं. पाच मिनिटांत कडी निघाली. चारही स्क्रू माझ्या तळहातावर ठेवून त्या गेल्या. संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "सगळ्यांकडे जाऊन आल्यात त्या. फक्त सावंतांनी दाद दिली नाही."

सावंत म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरीला. त्यांचा नि काकूंचा वाद वर्षानुवर्षं चालला होता.

काकू मूळच्या कोयनेच्या खोऱ्यातल्या, पाटणच्या पुढच्या. नवरा वाशीच्या भाजी मार्केटात माथाडी. त्याच्याबरोबर त्या इकडे आल्या, आणि तो गेल्यावरही भाकरीच्या जोरावर इथंच राहिल्या. रोज साठ-सत्तर भाकऱ्या थापायच्या. मार्केटातली गावाकडची माणसं येऊन घेऊन जायची. त्यांच्या घरात डोक्याच्या वर एकही जड वस्तू नव्हती. लग्नातला पितळी हंडा खाटेखाली, डबे जमिनीवर ओळीनं, भिंतीवर कागदी कॅलेंडर तेवढं. "वर ठेवलेलं कवातरी खाली येतंच," त्या म्हणत.

शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं काम निघालं तेव्हा दिवसभर पायलिंग चालायचं आणि आमच्या खिडक्यांच्या काचा वाजायच्या. काकू भाकरी अर्धवट सोडून तळहात फरशीवर टेकवायच्या, क्षणभर थांबायच्या आणि निकाल द्यायच्या. "पायलिंग हाय." कधी "ट्रेलर गेला." कधी "कुटं तरी सुरुंग लावला डोंगराला." मग पुन्हा पीठ मळायला लागायच्या. जाता-येता सावंत हे बघत. एकदा ते म्हणाले, "काकू, हे नेरूळ आहे. कोयनानगर नाही. इथं काही होत नाही, टेन्शन घेऊ नका."

"भुई एकच हाय, सेक्रेटरी," काकू मान वर न करता म्हणाल्या. "तिच्यावर भरवसा ठेवावा, पर पाय तयार ठेवावं."

हे वाक्य आमच्या इमारतीत चेष्टेचं झालं होतं. गणपतीच्या वर्गणीपासून पाण्याच्या टँकरपर्यंत कुठल्याही गोष्टीला लोक म्हणत, पाय तयार ठेवा. काकूही त्या हसण्यात सामील होत. त्यामागचं त्यांनी मला सांगितलं ते फार उशिरा. माझी मुक्ता पाच वर्षांची होती. शाळेतून आली की ती काकूंकडेच असायची. एका दुपारी ती खेळता खेळता त्यांच्या मांडीवर झोपली होती. मी तिला न्यायला गेले तर काकूंनी खूण करून मला बसवलं आणि हळू आवाजात, मुक्ताच्या केसांतून बोटं फिरवत, बोलायला लागल्या.

सदुसष्टचा कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. बाप धरणावर कामाला, त्या दिवशी पाळीवर गेलेला. घरात आई, ही धाकटी, आणि अकरा वर्षांची थोरली बहीण हौसा. दाराला एक कडी वर होती, बिबट्याच्या भीतीनं बसवलेली. रोज ती हौसा लावायची. त्या दिवशी हिनं हट्ट केला, मी लावणार. उखळ पालथं घालून त्यावर चढली, टाचा उंचावल्या आणि कडी लावली. हात पोचला म्हणून टाळ्या पिटल्या. पहाटे भुई हलली. दार उघडेना. मागची भिंत पडली तिथून आईनं हिला बाहेर ओढलं. हौसा दारापाशी होती. आढं तिच्यावर आलं.

"कडी मी लावली हुती," काकू म्हणाल्या. "आई त्यावर कधी एका शब्दानं बोलली न्हाई. बोलली असती, दोन तडाखं दिलं असतं, तर बरं झालं असतं गं."

मुक्ता झोपेत कूस बदलत होती. "तुम्ही आठ वर्षांच्या होतात काकू," मी म्हणाले. "व्हय की," त्या म्हणाल्या, "हौसाबी अकराचीच हुती."

आणि मग तो दिवस आला. मार्च महिना, सकाळचे अकरा वाजलेले, मुक्ता शाळेत. मी गॅसवर डाळ ठेवत होते. आधी खालून घरघर आली. मला वाटलं, ट्रेलर. मग स्टँडवरच्या वाट्या किणकिणल्या, बंद पंखा हलायला लागला आणि पायाखालची फरशी कुणी सतरंजीसारखी ओढावी तशी सरकली. मी ओटा धरून उभी राहिले. पाय हलेनात. भूकंप हा शब्दही डोक्यात आला नाही. तेवढ्यात खालून परातीवर उलथनं बडवल्याचा आवाज आला आणि काकूंचा खणखणीत गळा.

"भुई हाय ही! भाईर पडा! समदं सोडा, भाईर पडा!"

गॅस बंद करून मी धावले. सगळ्या मजल्यांवरून माणसं उतरत होती. कुणी बनियनवर, कुणी तोंडाला दाढीचा फेस घेऊन. आम्ही समोरच्या मोकळ्या मैदानात पोचलो तोवर सगळं थांबलं होतं. सगळं मिळून आठ-दहा सेकंदांचं असेल. कुठं भेग नाही, काच फुटली नाही. लोक एकमेकांकडे बघून हसायला लागले, मोबाईल काढले. काकू मात्र बोट नाचवत माणसं मोजत होत्या.

"आक्का कुटं हायत?"

सावंतांच्या आई. ऐंशीच्या घरातल्या, कानानं कमी. मुलगा-सून कामाला गेले की घरात एकट्या असत.

"काकू, थांबलंय आता," कुणीतरी म्हणालं. "त्यांना कळलंही नसेल."

पण काकू वळल्यासुद्धा होत्या. गुडघेदुखीनं एक पायरी चढताना दोनदा थांबणारी बाई तीन मजले एका दमात चढली. मी मागोमाग धावले. सावंतांच्या बंद दारामागून आक्कांचा रडवेला आवाज येत होता. "अगं, वरची कडी निघत नाही. हात थरथरतायत माझे."

काकू दाराला कपाळ टेकून उभ्या होत्या. दोन्ही पंजे दारावर दाबलेले, पिठाचे ठसे उमटलेले. मी खांद्याला हात लावला तर अंग गार. इतकी वर्षं आम्हा सगळ्यांना तयारीत ठेवणारी बाई स्वतः लहान पोरीसारखी कापत होती.

"हौसा," त्या म्हणाल्या. "हौसा, भिऊ नगं. मी हाय हितं."

आतून आक्का म्हणाल्या, "कोण हौसा? मी मालती."

काकूंनी डोळे मिटले आणि उघडले. पदरानं तोंड पुसलं. मग त्यांचा नेहमीचा आवाज आला, भाकरी मागणाऱ्याला जरा थांब म्हणणारा. "व्हय व्हय, मालतीआक्का. माझं ऐका. घाई न्हाई आपल्याला. पदर गुंडाळा हाताला. आता दार खांद्यानं जरा भाईर रेटा. रेटलं? कडी वर उचला. आता वढा."

खट् आवाज झाला. दार उघडलं. काकूंनी आक्कांना अशी मिठी मारली की त्या बिचाऱ्या गुदमरल्या. काकू मोठ्यानं रडत होत्या आणि आक्का त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणत होत्या, "अगो, मला काही झालेलं नाही. दूध उतू गेलं तेवढं."

संध्याकाळी बातम्यांत सौम्य धक्का म्हणून दोन ओळी आल्या. इमारतीत रात्री चेष्टा-मस्करी पुन्हा सुरू झाली, पण काकूंची चेष्टा कुणी केली नाही. सावंत कामावरून आले ते थेट तळमजल्यावर गेले. दारात चपला काढल्या. मग म्हणाले, "काकू, तुमचा स्क्रू ड्रायव्हर द्याल जरा?"

त्यानंतर चार-पाच दिवस गेले. एका सकाळी काकू मला म्हणाल्या, "मला आईकडं जायचंय. येशील सोबतीला?"

"जत्रेला अजून वेळ आहे ना?" त्या दरवर्षी जत्रेला जात आणि दोन दिवसांत परत येत.

"जत्रंला न्हाई. इचारायला."

कळंबोलीच्या पुलाजवळून आम्ही एसटी पकडली. त्यांची आई गावात, भूकंपानंतर झालेल्या मुलाकडे राहायची. नव्वदीला टेकलेली, वाळून काटकुळी झालेली, पण नजर साफ. अंगणात शेंगा फोडत बसली होती. काकू तिच्यासमोर मातीत बसल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"आई, त्या राती कडी मी लावली हुती."

म्हातारीचा हात थांबला. "कंची रात?"

"हौसाची."

म्हातारीनं हातातली शेंग सुपात टाकली. मग म्हणाली, "लावली हुतीस की. तू झोपलीस नि मी काढली. तुझा बा पाळीवरनं येनार हुता. त्यो आला की मला उठाय लागू नगं म्हून दार नुसतं लोटून ठेवलं हुतं. भित कलली नि चौकटीनं दार आवळलं. कडीचा काय संबंध?"

म्हातारी पुढं वाकली. "आन् हे तू आजवर मनात ठेवलंस? मला का न्हाई इचारलंस?"

"तूबी कधी काय बोलली न्हाईस."

"काय बोलू? तिचं नाव काढलं की तू घास टाकायचीस. म्हून म्या नावच टाकलं."

म्हातारीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं, लेकीचं पांढरं झालेलं डोकं ओढून मांडीवर घेतलं. मी उठून गोठ्यामागं गेले. तिथं उभं राहून मी पोटभर रडले.

परत निघायच्या दिवशी काकू मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. स्वतःची पिशवी त्यांनी भरलीच नव्हती. मी न राहवून विचारलं, "काकू, आई म्हणाल्या ते खरंच तसं झालं असेल ना?" विचारलं आणि लगेच जीभ चावली.

काकूंना राग आला नाही. "आई म्हनली ना," त्या म्हणाल्या. "मग तसंच झालं. तू एक ध्यानात ठेव, वैशाली. इचारायचं ते मानूस हाय तवर इचारावं. मी लई उशीर केला."

त्यानंतर त्या नेरूळला राहायला आल्या नाहीत. घर भाच्याला दिलं. आई आणखी तीन वर्षं जगली आणि ती तीनही वर्षं त्या तिच्याजवळ राहिल्या. आईमागोमाग वर्षभरात त्याही गेल्या. त्यांच्या भावाचा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो त्या दिवशीचा रस्ता. एसटी आली होती, मी पायरीवर पाय ठेवला होता. मागून, अंगणातून, म्हातारीची हाक आली. "शालन! ए शालन! ऊन लागंल, घरात ये!"

शिंदेकाकूंचं नाव शालन होतं, हे मला तेव्हा कळलं. "आले गं!" त्या ओरडल्या, आणि मला हात करायचं विसरून, साडीचा ओचा धरून, ती साठ वर्षांची पोर घराकडे पळत सुटली.