चार वेळा ‘गेलो’

आमच्या लालबागच्या चाळीत इंग्रजी येणारी मी एकटीच नव्हते. पण आपल्याला इंग्रजी येतं हे सगळ्यांना ठाऊक असावं म्हणून धडपडणारी मात्र मी एकटीच होते. मॅट्रिकला इंग्रजीत चांगले मार्क पडले आणि माझे पाय जमिनीवर ठरेनात. नळाच्या तक्रारीचा अर्ज असो की गावच्या जमिनीचं काही पत्र, चारही मजल्यांवरची माणसं कागद घेऊन माझ्याकडे येत. मी कधी लगेच लिहून देत नसे. ‘ठेवा, बघते,’ असं एखाद्या वकिलाच्या थाटात म्हणायची. आईला याचं कौतुक होतं. आज आठवलं की मला माझाच राग येतो.

शेजारच्या खोलीत मामा राहायचे, मामी आणि लहान लेकीसोबत. सख्खे नव्हेत, पण आमच्याच गावाकडचे. गिरणीच्या साचेखात्यात ते कापड विणायचे दोन साचे, म्हणजे माग, चालवायचे. आमच्या खोलीत आम्ही नऊ जण, त्यामुळे माझा सगळा अभ्यास मामांच्या खोलीत झाला. पहिल्या पाळीहून दमून आले की त्यांना दुपारी आडवं व्हायचं असे. पण मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसलेली दिसली की ते चटई उचलून गॅलरीत जात आणि उन्हाकडे पाठ करून झोपत. हे वर्षभर चाललं. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा माझ्या वडिलांच्या आधी मामांनी मजलाभर पेढे वाटले.

मॅट्रिकनंतर मी गिरगावातल्या एका वाडीत इंग्रजीच्या क्लासला जाऊ लागले. तिथल्या सरांचा एक नियम होता: एकच क्रियापद एका परिच्छेदात दोनदा आलं की ते लाल शाईने खोडायचे. भाषेचं दारिद्र्य दाखवू नका, म्हणायचे. त्यांनी आमच्याकडून वह्या करून घेतल्या होत्या आणि प्रत्येक पानावर एका क्रियेचे शब्द. ‘एखाद्याच्या दिशेने जाणे’ या पानावर माझे सतरा शब्द होते, क्लासमध्ये सगळ्यांत जास्त. अप्रोच, अ‍ॅडव्हान्स, हेड फॉर, मेक फॉर, क्लोज इन. सगळ्यांत लाडका होता ‘बेअर डाऊन अपॉन’. तो मला एका धड्यात सापडला होता. त्यात एक मोठं जहाज एका लहान होडीच्या रोखाने येतं, तिथे. ट्रामने घरी येताना मी ते पान पुन्हा पुन्हा वाचायची.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आज सभा, उद्या हरताळ, परवा लाठीमार. अशाच एका सकाळी परळच्या रस्त्यावर अश्रुधूर सोडला, आणि मामांच्या गिरणीच्या गेटवर निरोप आला की तुमची लेक शाळेतून घरी पोचलेली नाही. लेक सात वर्षांची. मामा साच्यावरून निघाले ते तसेच खात्याच्या मास्तरांकडे, म्हणजे विणकामावरच्या साहेबाकडे, रजा मागायला गेले. हातात मागाचा टोकदार लाकडी धोटा होता, तो ठेवायचं भान राहिलं नाही. मागून पाच-सहा जण घोषणा देत आले, त्यांचा मामांशी काही संबंध नव्हता. मास्तर घाबरले. तेही माणूसच, गर्दी बघून कोणीही घाबरला असता. लेक एका दुकानात सुखरूप बसलेली मिळाली. पण आठवड्याने मामांना चार्जशीट मिळाली: हातात धोटा घेऊन मास्तरांच्या अंगावर धावून गेला, कामावरून का काढू नये याचा लेखी जबाब द्या.

सोळा वर्षांची नोकरी होती. तेवढ्यावर इथलं घर आणि गावची दोन म्हातारी माणसं चालत होती. मामा कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यांना मी ‘ठेवा’ म्हटलं नाही, एवढं माझं चांगलं.

त्यांनी सांगितलं ते असं होतं. मी मास्तरांकडे गेलो. ते मागे सरले म्हणून आणखी जवळ गेलो. आवाजात ऐकू येत नव्हतं म्हणून अगदी पुढ्यात गेलो. रजा मिळत नाही म्हटल्यावर गेटकडे गेलो. चार वेळा ‘गेलो’. मी पेन उघडलं तेव्हा मामा म्हणाले, “सादाच लिव गो बाय. मी चलत गेलंय आणि सुट्टी मागलंय. इतक्याच.”

पण चार वेळा तेच क्रियापद माझ्या हातून उतरेना. कोणीतरी लाल शाई घेऊन पाठीशी उभं असल्यासारखं वाटत होतं. मी वही काढली. पहिल्यांदा साधं ‘वेंट अप टू’ लिहिलं, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, आणि तिसऱ्या ओळीत, जिथे मामा पुढ्यात जाऊन उभे राहतात तिथे, ‘बोअर डाऊन अपॉन’. शेवटी गेटसाठी ‘मेड फॉर’. त्यांना वाचून दाखवलं. इंग्रजीचा एक शब्द न कळणारा तो माणूस हात जोडून ऐकत होता. झाल्यावर म्हणाले, वजनदार झालाय. मला अजून आठवतं, मी खूष झाले.

चौकशीला मामा मला सोबत घेऊन गेले. साहेब काय बोलेल ते कळायला हवं ना. लेबर ऑफिसर परप्रांतातला, मराठी जेमतेम समजणारा. त्याने जबाब वाचला, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून थांबला, आणि इंग्रजीत मला विचारलं की या शब्दांचा अर्थ मला माहीत आहे का. मी घडाघडा सांगितला. मोठ्या वेगाने, धमकावत, एखाद्याच्या अंगावर चालून जाणं. क्लासमध्ये उत्तर द्यावं तसा. सांगता सांगताच मला कळलं की मी काय लिहून ठेवलंय. त्याने शांतपणे, इंग्रजीतच, पुढचा प्रश्न विचारला: “हे शब्द त्याचे आहेत की तुझे?”

दुष्ट नव्हता तो माणूस. मला वाट करून देत होता. ‘माझे’ एवढंच म्हणायचं होतं. पण मग मला कबूल करावं लागलं असतं की मी मिरवण्यासाठी लिहिलं. टेबलापलीकडे ऑफिसर धरून तीन शिकलेले पुरुष माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “त्यांचेच आहेत, सर. मी फक्त इंग्रजी केलं.” मामा माझ्याकडे बघून कौतुकाने हसत होते. ऑफिसर गप्प झाला आणि त्याने कागद फाइलला लावला.

जिना उतरताना मामांनी विचारलं, साहेब काय म्हणाला? मी म्हटलं, इंग्रजी चांगलं आहे म्हणाला.

पंधरा दिवसांनी मामांना कामावरून काढलं. वडील म्हणाले, मालकांना चार माणसं कमी करायचीच होती, जबाब कसाही असता तरी हेच झालं असतं. खरंही असेल. ही पळवाट मी पुढे कितीदा तरी वापरली आणि प्रत्येक वेळी अर्ध्यातून परत आले. मी त्यांच्या खोलीत बसणं बंद केलं, वाचायला लायब्ररीत जाते म्हणून सांगितलं. मामी बिचाऱ्या विचारायच्या, माझं काय चुकलं का गो?

मामा रोज सकाळी एकेका गिरणीच्या गेटवर बदलीचं, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागेवरचं, काम मागायला उभे राहत. खिशात माझ्या जबाबाची नक्कल. कोणी विचारलं, आधीची नोकरी का गेली, की ते तो कागद पुढे करायचे. आपली बाजू त्यात लिहिलेली आहे, अशी त्यांची खात्री होती. काही दिवस बदली मिळे, मग कोणीतरी कागद वाचे आणि बोलावणं बंद होई. हे मला मामींकडून कळलं. पण कागदात काय आहे ते मी त्यांना सांगितलं नाही.

वर्षभरात कागद घड्यांवर फाटला. मामा नवी नक्कल मागायला आले. मी मनात म्हटलं, आता सुधारता येईल. चारही ठिकाणी साधं ‘वॉक्ड’ लिहिलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी जुना कागद शेजारी धरून ओळींवरून बोट फिरवलं.

“तिसऱ्या वळीत लांब शब्द हुते, ते खंय गेले?”

मी म्हटलं, त्यांची गरज नाही मामा, हे बरं आहे. त्यांनी मान हलवली. “ते काढू नको गो. त्या शब्दांनीच सायब गप झालो हुतो. तसाच लिव.”

खोलीत आम्ही दोघंच होतो. या वेळी साहेब नव्हता, टेबल नव्हतं, कोणी परीक्षा घेत नव्हतं. समोर होता तो मला कधी एक शब्द वाकडा न बोललेला माणूस. मी दुसरा कागद घेतला आणि तिसऱ्या ओळीत तेच शब्द पुन्हा लिहिले, आधीपेक्षा सुवाच्य अक्षरात. पहिल्या वेळी मी लहान होते, शेफारले होते, असं म्हणून मी स्वतःला थोडं माफ केलंय. या दुसऱ्या कागदासाठी माझ्याकडे कसलीच सबब नाही.

राज्य झालं, चाळीत रोषणाई झाली, त्याच्या थोडं आधी मामांनी बिऱ्हाड गावी हलवलं. सामान बांधताना मामींनी तो कागद ट्रंकेत सगळ्यांत खाली, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला. लेक शिकली की तिच्याकडूनच वाचून घेऊ, म्हणाल्या, बाप तिच्यासाठी मास्तरांकडे कसा गेला ते. लेक तिथेच उभी होती, दोन वेण्या, हातात कंदील. ती पुढे कॉलेजपर्यंत शिकली असं कानावर आलं. आता तिला नातवंडं झाली असतील. तिने तो कागद वाचला का, हे विचारायला मी अजून गेलेली नाही.