येताना कोथिंबीर आणा

चार माणसं पाच वर्षं एकाच टेबलावर जेवली की किस्से साठतातच. आमच्या टेबलावर तर डब्यांच्या जोडीला वॉकमन असायचे. मग काही विचारूच नका!

ऐंशीचं दशक संपत आलेलं. मानपाड्याच्या एका छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात मी टेस्टिंगला होतो. आमचे प्रमुख जोगळेकरकाका, मोजल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस. चहा गरम आहे म्हटलं तर "किती?" म्हणून विचारायचे. माझ्या जोडीला खोपटचा सावंत. त्याच्या मेहुण्याने मस्कतहून वॉकमन आणलेला, आणि ही बातमी सावंत रोज नव्याने सांगायचा.

चौथा भोईर, तिथल्याच गावचा. तो वाइंडिंगला, म्हणजे तारांची वेटोळी गुंडाळायला होता, पण त्याचा जीव टेस्टिंगमध्ये. त्याने सुटे भाग जमवून स्वतःच एक वॉकमन जुळवला होता. झाकण रबरबँडने धरलेलं. आम्ही हसलो की म्हणायचा, "हसा, हसा. वाजल तवा बगू!"

टेस्टिंगला घ्या म्हणून तो वर्षभर काकांच्या मागे लागलेला. काका म्हणायचे, "साहेबांकडे नाव पाठवायचं तर कारण लिहावं लागतं. तुझ्या यंत्राने सावंतच्या यंत्राला हरवून दाखव, मी त्याच दिवशी पाठवतो."

*

पहिली मोजणी झाली सावंतच्या वॉकमनची. काकांकडे वेग तपासायला सेकंदाला तीन हजार सायकलचा, म्हणजे कंपनांचा, एकच सूर भरलेली कॅसेट होती. ती लावली, मीटर जोडला. आकडा आला तीन हजार शंभर.

"सावंत, तुझा वॉकमन पळतोय," काका म्हणाले.

सावंत शांतपणे म्हणाला, "जास्तच आलंय ना? कमी तर नाही!"

*

त्या काळी पेन्सिल सेल उतरले की दाताने चावायचे आणि परत घालायचे. सगळेच चावायचे. पण त्याचा तक्ता करणारे काका एकटेच! रजिस्टरमध्ये दोन रकाने: 'चावण्यापूर्वी' आणि 'चावल्यानंतर'. शेवटी शेरा: "सावंतचे दात उत्तम."

*

हेडफोन लावला की सावंतला आपण किती जोरात बोलतोय याचा पत्ता नसायचा. एकदा ऐकता ऐकता ओरडला, "अरे, साहेबाला यातलं काय घंटा कळतंय!"

साहेब मागेच उभे! त्यांनी सावंतच्या डोक्यावरून हेडफोन उचलला, स्वतःच्या कानाला लावला आणि म्हणाले, "डाव्या कानात कमी येतंय."

आम्ही मोजलं. खरंच कमी येत होतं.

*

पुढचं भांडण म्हणजे तुलना करायची कुठल्या कॅसेटवर? सावंतला डिस्को हवा, मला नाट्यगीत. काका म्हणाले, "मला पाठ असलेला आवाज हवा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी कळलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ते घरून कॅसेट भरून घेऊन आले. आम्ही लावली. आधी कुकरची शिट्टी, मग खलबत्त्याचे ठोके आणि मग काकू: "अहो, ऐकताय ना? येताना कोथिंबीर आणा. कालच्यासारखं विसरू नका!"

"शिट्टी म्हणजे ट्रेबल, खलबत्ता म्हणजे बेस," काका म्हणाले, "आणि मधली सगळी ही."

तेव्हापासून मानपाड्यात जो वॉकमन येईल, त्यावर आधी काकूच वाजायच्या. साहेबांच्या मुलाचा नवा वॉकमनसुद्धा त्यातून सुटला नाही.

*

शेवटी भोईर विरुद्ध सावंत ठरलं. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत सगळा कारखाना जमला. कुठला वॉकमन कुणाचा हे काकांना कळू नये म्हणून बुटांची तीन खोकी घेतली, प्रत्येकाला वायरपुरतं भोक. एकात भरतीला माझा, एकात सावंतचा, एकात भोईरचा. भोईर कोपऱ्यात हात बांधून उभा होता. मला त्याच्याकडे बघवेना.

काकांनी डोळे मिटले. पहिलं खोकं. "सहा." रजिस्टरमध्ये सहा.

दुसरं खोकं. "साडेसात. शिट्टी छान आहे." सावंतने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

तिसरं खोकं. काका ऐकतायत. पेन हातात तसंच. आणि एकदम ताडकन उभे राहिले!

"हो हो, आणतो! आज नक्की आणतो!"

हेडफोनची वायर ताणली, खोकं टेबलावरून खाली आलं आणि आतून रबरबँडवाला वॉकमन बाहेर घरंगळला. हेडफोनमधून काकू अजून वाजतच होत्या. भोईर मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागला.

संध्याकाळी जाण्याआधी काकांनी त्याचं नाव पाठवलं. साहेबांनी सही केली आणि तो कागद घेऊन स्वतः आमच्या टेबलापाशी आले. म्हणाले, "वाचा."

'शिफारशीचे कारण' या रकान्यात काकांनी सुवाच्य अक्षरात एकच शब्द लिहिला होता.

"घाबरलो."