नव्या कॉम्प्युटरवरची जुनी विंडोज

माझी नजर एका दिवसात गेली नाही. आधी अंधारात दिसेनासं झालं, मग बाजूचं, आणि शेवटी समोरचंही. पनवेलच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी क्लार्क होतो. फायली नाकाला लावून वाचायला लागलो तेव्हा सगळ्यांनी समजूतदारपणे माझ्याकडचं काम कमी केलं, मग माझं टेबल कोपऱ्यात सरकवलं, मग मीच राजीनामा दिला. समजूतदारपणाची मला तेव्हापासून चीड आहे.

त्यानंतर मुंबईच्या एका संस्थेत मी कॉम्प्युटर शिकलो. बायको रोज घेऊन जायची, बाहेरच्या बाकावर बसून राहायची. डोळे नसलेला माणूस कॉम्प्युटर वापरतो कसा, असं लोक विचारतात. त्यासाठी एक प्रोग्रॅम असतो, स्क्रीन रीडर. स्क्रीनवर जे काही असेल ते तो बोलून दाखवतो. माउसचा उपयोग नाही, सगळं कीबोर्डवर. स्क्रीन कशी दिसते हे मला ठाऊक नाही. कुठली की दाबली की काय ऐकू येतं, एवढंच ठाऊक. एकदा बोटांत बसलं की मग विचार करावा लागत नाही.

माझ्या बोटांत विंडोज सेव्हन बसली होती. तिच्यावर मी काम मिळवलं. मुंबईच्या एक बाई होत्या, संशोधन करणाऱ्या. विमानतळ, बंदर, रस्ते यांत ज्यांच्या जमिनी आणि खाड्या गेल्या अशा आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांशी त्या बोलायच्या आणि रेकॉर्डिंग मला पाठवायच्या. मी ते ऐकून शब्द न् शब्द टाइप करायचो. माझा जन्म पनवेलजवळच्या गव्हाण गावचा. ‘आमी नाय गेलो’ हे मला समजून घ्यावं लागत नाही. त्या बाई म्हणायच्या, "इतरांना दिलं की ते भाषा सुधारून देतात. तुम्ही आहे तसं देता."

आहे तसं देण्यासाठी मी बरीच मेहनत घेतली होती. स्क्रीन रीडरचा मराठी आवाज म्हणजे एक नाकात बोलणारा बुवा. त्याला ‘चूल’ म्हणता यायचं नाही, ‘जाळं’ म्हणता यायचं नाही. चुलीतल्या च ला तो चिमणीतला च लावायचा. गावाकडच्या बोलीचं तर विचारूच नका. पण त्या प्रोग्रॅममध्ये शब्दांचा एक कोश असतो. कुठला शब्द कसा उच्चारायचा ते त्यात भरता येतं. मी ‘चूल’ला ‘त्सूल’ असं भरून त्याला शिकवलं. काम करताना शब्द अडला की भरायचा, असं करत करत काही वर्षांत तो बुवा आमच्यातल्यासारखा बोलायला लागला. खाजण, उघाडी, शिलोत्री असे खारजमिनीचे शब्द, होड्यांची नावं, माशांची नावं, सगळं. टाइप केलेलं परत ऐकताना चूक कुठे आहे ते मला त्यामुळेच कळायचं.

मग एकदा लाइट गेली, आली, परत गेली, आणि त्या झटक्यात जुना कॉम्प्युटर जळला. हार्ड डिस्क तेवढी वाचली.

मुलगा पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो पुढच्याच शनिवारी नवीन कॉम्प्युटर घेऊन आला. खोकं उघडतानाच्या त्याच्या आवाजातला आनंद मला आजही आठवतो, आणि तो खोटा नव्हता. त्यात नवीन विंडोज होती. मी प्रयत्न केला. जिथे दाबलं की जे व्हायचं ते होत नव्हतं. मेनू हलले होते, मध्येच कसल्यातरी सूचना बोलायला लागायच्या, माझा रेकॉर्डिंग ऐकायचा जुना प्लेअर चालेना. अर्ध्या तासाचं काम पूर्ण दिवसात होईना. बाईंना उरणची रेकॉर्डिंग लिहून हवी होती. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "पप्पा, थोडे दिवस त्रास होणारच. यू हॅव टू अनलर्न."

मी ते सगळं कशाच्या बदल्यात शिकलो होतो हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. तरी तो ते बोलला.

मग मी ठरवलं, याच कॉम्प्युटरवर जुनी विंडोज टाकून घ्यायची. जुन्या पनवेलमध्ये एक रिपेअरवाला आहे, बरीच वर्षं गल्फमध्ये काढून आलेला. बायकोने कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घातला आणि आम्ही त्याच्या दुकानात गेलो. मी त्याला काय हवंय ते सांगितलं. तो माझ्या बायकोला म्हणाला, "भाभी, चाचांना कम्प्युटर लागतो कशाला?"

मी म्हटलं, "मला विचारा. मी इथेच बसलोय."

"माफ करना चाचा," तो म्हणाला, पण पुढचे दोन प्रश्न परत तिलाच विचारले.

काम सोपं नव्हतं. नवीन मशीनला जुनी विंडोज ओळखत नाही. पहिल्यांदा कीबोर्डच चालेना. त्याने अडगळीतून गोल पिनेचा जुना कीबोर्ड काढला. मग विंडोज मध्येच अडकली, त्याने शिव्या घातल्या, परत सुरुवात केली. मी स्टुलावर बसून होतो. दुपार कलताना तो म्हणाला, "लग गई, चाचा. पण इंटरनेट नाही चालणार. आणि स्क्रीन बघा, चित्र फाटल्यासारखं येतंय, ह्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, जुन्या विंडोजसाठी बनतच नाही."

"चित्राचं मला काय करायचंय? आवाज?"

त्याने दोन-तीन की दाबून पाहिल्या. मग म्हणाला, "आवाजाचा पण नाही."

म्हणजे जुनी विंडोज चालू होती, ज्यासाठी मी हे सगळं करत होतो ती माझ्या पुढ्यात होती, आणि ती मुकी होती. मी की दाबत होतो. आत काहीतरी होत असणार. मला काही कळत नव्हतं. बायको म्हणाली, "चालू हाय ना, दिसतंय की." आयुष्यात मला तिचा इतका राग कधी आला नसेल.

शेवटी त्याने एक बोटाच्या पेराएवढी वस्तू आणली, बाहेरून लावायचं साउंड कार्ड. ते लावलं, स्क्रीन रीडर टाकला, हेडफोन कानाला दिला, आणि माझा नाकात बोलणारा बुवा बोलला. त्याने काय म्हटलं ते आता आठवत नाही. बहुतेक ‘डेस्कटॉप’. मी मान खाली घातली. रिपेअरवाला हेडफोनला कान लावून हसला. "ये क्या, ह्याला तर जुकाम झालाय."

हार्ड डिस्कवरून माझा कोश नव्या मशीनवर आला आणि काम परत सुरू झालं. मी उरणची रेकॉर्डिंग संपवली, पुढची घेतली. त्या दिवसांत मी बरा होतो. सकाळी आंघोळ करून खुर्चीत बसायचो ते जेवणाच्या हाकेलाच उठायचो. इंटरनेट नसल्याने रेकॉर्डिंग बायकोच्या मोबाइलवर यायची. ती पेनड्राइव्हवर भरून मला द्यायची, आणि माझं टाइप केलेलं तिथूनच पाठवायची. मुलगा फोनवर कुरकुर करायचा. "एवढं चांगलं मशीन आणि त्यावर तुम्ही काय चालवता! त्याला अपडेट्स येत नाहीत, व्हायरस आला तर काय?" मी म्हणायचो, "येऊ दे." त्याला त्याचं हसू यायचं नाही.

मग गव्हाणला माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. मला त्या डीजेच्या गोंगाटात जायचं नव्हतं. माझ्यासारख्याला गोंगाट म्हणजे दुसऱ्यांदा आंधळं होणं. पण बायको हट्टालाच पेटली. "हळदीला पण जायचं, लग्नाला पण. दोन दिवस ऱ्हायचं. लोक काय म्हनतील?" मुलगा त्याच वेळी पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "तुम्ही जा, मला ऑफिसचं काम आहे, मी घरी थांबतो." मी गेलो. दोन दिवस खुर्चीत बसून होतो, आणि येणारा प्रत्येक जण "ओळखलंस का?" असं विचारत होता.

लग्न आटोपून पनवेलला, खांदा कॉलनीत घरी आलो. हातपाय धुऊन कॉम्प्युटर चालू केला. सुरू होतानाची धून वेगळी वाजली. मग एक बाई बोलली. गोड, गुळगुळीत, विमानतळावर सूचना देते तशी.

"पप्पा, सरप्राइज!" मुलगा मागून म्हणाला. "ऐका आवाज कसला क्लिअर आहे. अगदी माणसासारखा."

"माझी विंडोज कुठे आहे?"

"ती काढली. फॉरमॅट मारून, म्हणजे सगळं पुसून, इलेव्हन टाकली. घाबरू नका, तुमचा सगळा डेटा कॉपी केलाय. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, रेकॉर्डिंग, एक फाइल गेली नाही."

"आणि कोश?"

"कसला कोश?"

तो कोश डॉक्युमेंट्समध्ये नसतो. प्रोग्रॅम तो कुठल्यातरी लपलेल्या फोल्डरात ठेवतो. मी त्याला तो कुठे असतो ते सांगितलं. तो काही वेळ कीबोर्ड बडवत राहिला. मी विचारलं, "जुनी हार्ड डिस्क?"

"ती पण... ती पुसून वापरली मी. बॅकअपसाठी."

मग तो म्हणाला, "सॉरी पप्पा. पण ते परत भरता येईल ना? मी मदत करतो. आणि खरं सांगू का, ह्या आवाजाला लागणारच नाही." त्याने काहीतरी टाइप केलं. ती बाई म्हणाली, ‘चूल’. च चिमणीतलाच होता, फक्त गोड होता.

मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. ओरडून झाल्यावर म्हटलं, "मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

हे वाक्य तो अगदी साधेपणाने बोलला. तो चिडलेला नव्हता. त्याला खरोखरच त्यात काही चूक दिसत नव्हती. तो दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला.

तो गेला त्या संध्याकाळी भाकरी वाढताना बायको म्हणाली, "त्याला बोलू नका आता. त्यानं मला सांगितलं व्हतं."

मी हात आवरता घेतला. "म्हणून हळदीला न्यायची घाई?"

तिने भाकरीची टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "रोज तो पेनड्राइव्ह कोन भरायचं? मोबाइलला वायर लावा, फाइल शोधा, चुकली की तुमी वसकन अंगावर येनार. माजे डोळे पन आता पयल्यासारखे ऱ्हायले नाय. तुमी कधी इचारलं?"

ते खरं होतं. पण त्यावेळी मला ते ऐकायचं नव्हतं, आणि अजूनही मी त्या लपवाछपवीसाठी त्या दोघांना माफ केलेलं नाही. तिला थकवा आला होता तर तिने मला सांगायचं होतं. मी दुसरी वाट काढली असती. ती दोघं माझ्यासमोर बसून, माझ्याच घरात, आवाज न करता ठरवत असणार. नजरेने, नाहीतर मोबाइलवर. मला ऐकू येत नाही अशी बोलणी घरात होतात हे तेव्हा कळलं, आणि मग ती आणखी कधी कधी झाली असतील याचा हिशोब मी बरेच दिवस करत बसलो.

बाईंना मी कळवलं की या खेपेचं काम लांबेल. त्या म्हणाल्या, "काही हरकत नाही, तुम्ही सावकाश घ्या," आणि काम दुसऱ्या कोणाला दिलं. त्यांची पुस्तिका निघाली तेव्हा त्यांनी मला प्रत पाठवली, आणि वाचता यावी म्हणून फाइलही. त्या गोड बाईने मला ती वाचून दाखवली. गव्हाणची एक म्हातारी त्यात म्हणत होती, ‘आम्ही तिथून गेलो नाही.’ तिचं रेकॉर्डिंग मी ऐकलं होतं. ‘आमी नाय गेलो तिथना,’ असं ती म्हणाली होती, आणि मधल्या ‘नाय’वर तिचा आवाज चढला होता. मी बाईंना ते कळवलं. त्यांनी लिहिलं की पुढच्या आवृत्तीत बघू.

आता नवी विंडोज मला येते. कोणी शिकवली नाही. पावसाळाभर खुर्चीत बसून, एकेक की दाबत, चुकत, शिव्या देत शिकलो. ती गोड बाई काढून टाकली आणि नाकातल्या बुवाला परत आणलं. मुंबईच्या बाईंनी पुन्हा काम दिलंय, आणि कोश पहिल्यापासून भरतोय. सगळे शब्द आठवत नाहीत. एखादा रेकॉर्डिंगमध्ये आला की लक्षात येतं, हा होता. इंटरनेट चालतं, त्यामुळे रेकॉर्डिंग थेट मलाच येतात आणि बायकोचा त्रास वाचला. गणपतीला मुलगा आला तेव्हा पाहुण्यांना सांगत होता, "बघा, पप्पा आता इलेव्हनवर एक्स्पर्ट झालेत. आधी ऐकतच नव्हते." सगळे हसले. एकाने माझी पाठ थोपटली. मला जमलं, म्हणून त्याने केलं ते बरोबर ठरलं. जमलं नसतं तर कोणी कोणाची पाठ थोपटली असती, ते मी विचारलं नाही. सणाचे दिवस होते.

पाहुणे गेल्यावर मी कॉम्प्युटरला पासवर्ड लावला. तो मी कोणालाही सांगितलेला नाही. मुलाने विचारला, मी म्हटलं, "तुला कशाला हवाय?" परवा बायकोने विचारला. म्हणाली, "उद्या तुमाला काय झालं तर? आत एवढं काय काय हाय, कोनाला उघडता यायला नको?"

"मग फॉरमॅट मारा," मी म्हटलं. "तुम्हाला येतं ते."

तिने टीव्ही लावला, आणि मी हेडफोन कानाला घातला.