ताटाची डावी बाजू

तव्यावर मिरची करपली की मला निजामाच्या राज्यातलं आमचं बोरीचं घर आठवतं. काकूच्या छातीतली गाठ कापून वर्ष झालं होतं आणि आता तिचं डोकं सारखं ठणकायचं. ताटात उजवीकडं असेल तेवढंच ती खायची आणि शांतपणे विचारायची, "अर्धी भाकर कुणी नेली वो?" आजी घाबरून म्हणाली, "हिच्यासंगं कुणीतरी जेवायलाय." मग भर दुपारी दारं लावून काकूला मिरच्यांची धुरी दिली. खोकून खोकून ती निळी पडली, तेवढ्यात काका परभणीहून डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी दारं उघडायला लावली, सगळं ऐकून घेतलं आणि काकूसमोरचं ताट नुसतं फिरवलं. काकूनं उरलेली भाकर खाल्ली. "गाठ डोक्यात गेलीय, तिला डावीकडचं कळत नाही. बरी होणार नाही, पण छळू नका," ते म्हणाले. तेव्हापासून आजीच रोज ताट फिरवायची. शेवटच्या दुपारी मात्र काकूनं आपणहून मान डावीकडं वळवली आणि रिकाम्या पाटाकडं बघून हसली, "बसा की, तुमचं जेवायचं ऱ्हायलंच." ही गोष्ट सुनेला मीच सांगितलेली. काल जेवून मी उठायला लागले, तर तिनं हात धरून मला बसवलं आणि माझं ताट फिरवलं. त्यात अर्धी भाकर तशीच होती.